आडनाव न विचारणारी जागा

वेसाइड इन, कोलटकरांच्या कविता, बडोद्याचा मुसाफिरखाना आणि बोईसरमधली एक भाड्याची खोली

सकाळी सहा-सव्वासहाला बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडलात तर डोळ्यांआधी नाक जागं होतं. एका कढईत वडे, दुसरीत भजी, बाजूला पोह्यांचं पातेलं, आणि वारा फिरला की एमआयडीसीचा तो आपल्या ओळखीचा वास. पहिल्या पाळीला निघालेली माणसं शेअर रिक्षात एक जास्तीचा माणूस कसा बसवायचा ह्यावर वाद घालत असतात. नाक्यावर डबे घेऊन बिगारी कामाची माणसं उभी असतात, आज कुणी न्यायला येईल का ह्याची वाट बघत. रात्रपाळी संपवून आलेले चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून उभे असतात. सगळे एकाच वेळी, एकाच टपरीभोवती.

अरुण कोलटकरांच्या काळ्या घोड्यावरच्या इंग्रजी कविता, म्हणजे ‘काळा घोडा पोएम्स’, मी पहिल्यांदा वाचल्या त्या ह्याच गर्दीतून लोकल पकडून जाता-येता. २०१३ च्या एप्रिलमध्ये लोकल डहाणूपर्यंत आली आणि आमच्यासारख्यांना मुंबई रोजच्या अंतरावर आली. रोजच्या म्हणजे जायला अडीच तास आणि यायला अडीच तास. एवढ्या वेळात माणूस एकतर झोपतो, पत्ते खेळतो किंवा वाचतो.

त्या पुस्तकात काळ्या घोड्याच्या सकाळच्या नाश्त्यावर एक लांबलचक कविता आहे. कवी त्या घटकेला मुंबईत कुठल्या हॉटेलात काय खाल्लं जातंय ह्याची यादी देतो. कुठं खिमा पाव, कुठं पुरी भाजी, कुठं ब्रून मस्का. यादीत इराणी आहेत, उडपी आहेत, मुसलमानी हॉटेलं आहेत. सगळ्यांत शेवटी वेसाइड इन येतं आणि तिथली अंडी आणि बेकन. मग तो म्हणतो की ही वेळ एकट्या काळ्या घोड्याची नाही, ह्या रेखांशावर खाली-वर जिथं जिथं भूक आहे तिथं हीच वेळ आहे.

मी मोबाइलवर नकाशा काढून बघितला. काळा घोडा आणि बोईसर जवळपास एकाच रेखांशावर आहेत, बहात्तर अंशांच्या पुढं, त्र्याहत्तरच्या अलीकडे. म्हणजे कोलटकरांच्या यादीत आपली टपरी नावानिशी नसली तरी हिशेबात आहे. ते वाचून तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. नंतर, एका खोलीच्या प्रकरणानंतर, तीच कविता पुन्हा वाचली तेव्हा तितकं सोपं वाटलं नाही. हा लेख त्या दुसऱ्या वाचनाचा आहे.

इन म्हणजे काय होतं

‘इन’ ह्या शब्दाला मराठीत एक शब्द नाही. धर्मशाळा आहे, पण तिथं पैसे द्यायचे नसतात. सराई आणि मुसाफिरखाना आहेत. खाणावळ आहे, पण तिथं झोपायचं नसतं. इंग्रज अमदानीत फिरतीवरच्या साहेबासाठी डाक बंगला आला, खानसामा आणि नोंदवहीसकट. त्याचं पुढं सरकारी विश्रामगृह झालं आणि आजही तालुक्याच्या गावी ते कुणासाठी असतं हे तुम्हाला माहीत आहे. ह्या सगळ्या जागांत एक गोष्ट समान होती. प्रवासी दारात आला की आधी ठरायचं तो कोण आहे. मग ठरायचं त्याला कुठं बसवायचं.

मुंबईतलं वेसाइड इन हे नावाचं इन, प्रत्यक्षात हॉटेल, म्हणजे आपण ज्याला हॉटेल म्हणतो ते, बसून खायचं-प्यायचं ठिकाण. पारशी मालकीचं, इंग्रजांच्या काळातलं. समोर जहांगीर आर्ट गॅलरी, जवळच डेव्हिड ससून लायब्ररी आणि एल्फिन्स्टन कॉलेज, थोडं पुढं हायकोर्ट. ज्या चौकाला काळा घोडा म्हणतात तिथं घोडा होता तो १८७९ साली बसवलेला, त्यावर राजपुत्र, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड. १९६५ साली पुतळा हलवून राणीच्या बागेत नेला. घोडा गेला आणि नाव राहिलं. स्वार नसलेला नवा घोडा तिथं आला तो थेट २०१७ साली. मधली पन्नासेक वर्षं तो चौक म्हणजे गाड्या लावायची जागा आणि मधोमध एक त्रिकोणी बेट.

वेसाइड इनच्या खिडकीतून ते बेट दिसायचं. कोलटकर वर्षानुवर्षं तिथं येऊन बसायचे. गुरुवार हा त्यांचा ठरलेला वार, आणि त्यांना भेटायचं असलेल्यांना तो माहीत असायचा. लेखक, चित्रकार, लघुनियतकालिकवाली मंडळी, परगावचे कवी तिथं येत. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेसाइड इन बंद झालं आणि कोलटकरांची बैठक फोर्टातल्या मिलिटरी कॅफेत हलली. २००४ साली अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने ‘काळा घोडा पोएम्स’ काढलं. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला कोलटकर गेले.

तेव्हापासून वेसाइड इनबद्दल जे लिहिलं जातं त्यात एक ठरलेला सूर असतो. काय दिवस होते, काय गप्पा होत्या, एका चहावर कितीही वेळ बसता यायचं, आता तसं हॉटेल राहिलं नाही. जहांगीरमधलं समोवार २०१५ साली बंद झालं तेव्हाही हाच सूर लागला. एखादा इराणी बंद झाला की पुन्हा लागतो. हळहळ खरी असते, मी तिची चेष्टा करत नाही. पण ह्या आठवणी लिहिणारा प्रत्येक जण टेबलावर बसलेला असतो. हॉटेल हे शहराचं मन मोकळं करायचं ठिकाण होतं असं जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा शहर म्हणजे ती आठ-दहा टेबलं एवढंच धरतो.

कवी कुठं बघतो

आता गंमत बघा. ज्या कवीच्या नावाने ही हळहळ चालते त्याने स्वतः त्या टेबलाबद्दल जवळजवळ काही लिहिलेलं नाही. नाश्त्याच्या कवितेत वेसाइड इन येतं ते यादीतल्या शेवटच्या नावासारखं. मित्रांच्या गप्पा नाहीत, साहित्यातले वाद नाहीत, ‘आमचा कट्टा’ नाही. पुस्तक सुरू होतं ते सकाळी बेटावर पडलेल्या एका गावठी कुत्र्यापासून. पुढं झाडूवाली येते, रस्त्यावर पोराला घासून-पुसून अंघोळ घालणारी बाई येते, तुरुंगातून सुटून आलेल्या गड्याच्या डोक्यातल्या उवा काढणारी मुलगी येते, उंदराचं औषध विकणारा येतो. बटाटे सोलणाऱ्यांवर एक कविता आहे. ते बटाटे ज्यांच्या ताटात जातात त्यांच्यावर कविता लिहावी असं कवीला वाटलेलं नाही.

कोलटकरांची ही जुनी खोड आहे. ‘जेजुरी’तसुद्धा शेवटी रेल्वे स्टेशन येतं आणि त्यात चहाच्या स्टॉलवर एक तुकडा आहे. तिथंही प्रवासी महत्त्वाचा नाही. लक्ष आहे ते स्टॉलवरच्या पोराकडे, जो तुमच्या प्रश्नाला उत्तर देत नाही आणि आपलं कपबशा विसळायचं काम करत राहतो.

नाश्त्याच्या कवितेचा मुख्य प्रसंग हा बेटावरचा आहे. एक बाई इडल्यांचा डबा घेऊन येते आणि बेटावर बसते. मग चारी दिशांनी माणसं जमायला लागतात. रस्त्यावर राहणारी, रस्त्यावर राबणारी, लुळी, आंधळी, म्हातारी, पोरं. कवी त्यांचं येणं असं रंगवतो की वाटावं दरबार भरतोय. प्रत्येकाला आपली स्वारी आहे, आपला थाट आहे. बाई वाढते, ती खातात, थोड्या वेळाने डबा रिकामा होतो, बाई उठते आणि बेट पुन्हा गाड्यांमधलं बेट होतं.

माझ्या मते ह्या पुस्तकातलं खरं इन हे आहे. छप्पर नाही, दार नाही, नोंदवही नाही. भूक लागलेला माणूस रस्त्याकडेला थांबतो आणि त्याला खायला मिळतं, एवढं इनचं मूळ काम. ते वेसाइड इनच्या आत होत नव्हतं असं नाही, पण तिथं जायला स्वच्छ शर्ट लागत होता. बेटावर जायला काहीच लागत नव्हतं. कवीने यादीत सगळ्या हॉटेलांना एकेक ओळीत उरकलं आणि ह्या बिनभिंतीच्या हॉटेलाला पानंच्या पानं दिली, ह्यात त्याचं मत आलं.

इथपर्यंत मी कोलटकरांच्या बाजूने आहे. पण एक काच मधे राहते. बेटावरच्या माणसांना उपमा मिळतात, थाट मिळतो, पुराणातली आणि इतिहासातली नावं मिळतात. खिडकीकडे बघायची संधी मात्र त्यांना फारशी मिळत नाही. डेव्हिड ससूनच्या दगडी चेहऱ्याला कवी बोलायला लावतो, त्याच्याकडून शहराचा हिशेब वदवून घेतो. पण समोरच्या हॉटेलात खिडकीशी रोज बसणाऱ्या त्या मिशीवाल्या माणसाबद्दल इडलीवाल्या बाईला काय वाटत असेल, हा प्रश्न पुस्तक विचारत नाही. कवी स्वतःला कवितेतून बाहेर ठेवतो. हा त्याचा सभ्यपणा आहे, आणि ती एक सोयही आहे. जो दिसत नाही त्याला कुणी उठवत नाही.

उठवलं जाणं म्हणजे काय, हे समजायला दुसऱ्या एका इनमध्ये जावं लागतं.

बडोद्यातले अकरा दिवस

बाबासाहेब आंबेडकर वेसाइड इनमध्ये बसून राज्यघटनेचं काम करत, असं मुंबईत वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ही तोंडोतोंडी चालत आलेली गोष्ट आहे आणि मी तिच्यावर काही रचत नाही. मात्र तिचा मोह लोकांना का होतो ते कळतं. एका माणसाला हॉटेलात टेबल मिळालं आणि त्यावर देश लिहिला गेला, हे चित्र सुंदर आहे. फक्त ते चित्र पुरं व्हायचं तर त्याच माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं दुसरं इन शेजारी ठेवायला हवं.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे आंबेडकरांचं छोटंसं आत्मकथनपर लिखाण, त्यांच्या मागे कितीतरी वर्षांनी, १९९० साली छापलं गेलं. मोबाइलवर तासाभरात वाचून होतं. त्यात १९१७ ची हकीकत आहे. कोलंबिया आणि लंडनला शिकून ते परत आले होते. शिक्षणाला बडोदा संस्थानाने पैसे दिले होते, म्हणून तिथं नोकरी करायची होती. पण बडोद्यात उतरायचं कुठं? हिंदू हॉटेल घेणार नाही हे माहीत होतं. नाव लपवून जावं तर ओळख उघडी पडायची भीती. शेवटी ते एका पारशी मुसाफिरखान्यात गेले.

पुढचं सगळं ते एखाद्या कागदपत्रासारखं लिहितात. रखवालदाराच्या लक्षात आलं की ह्या माणसाच्या अंगावर सदरा आणि कस्ती नाही, म्हणजे हा पारशी नाही. नियम असा की पारशांशिवाय कुणाला जागा द्यायची नाही. पण जागा रिकामी होती आणि रखवालदारालाही पैसे हवे होते. तोड निघाली. वहीत पारशी नाव लिहायचं. दिवसाला दीड रुपया, जेवणासकट. वरच्या मजल्यावर एक छोटी खोली, शेजारी मोडक्या खुर्च्या, फळ्या आणि बाकांनी भरलेलं मोठं दालन. वीज नाही. रात्री रखवालदार कंदील आणून देई. त्या उजेडात ते एकटे वाचत बसत.

अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघताना काठ्या घेतलेले डझनभर लोक जिना चढून आले. तू कोण? पारशी नाव घेऊन जागा का बाटवलीस? संध्याकाळपर्यंत बाहेर पड. आंबेडकरांनी दोन मित्रांना विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही अडचण सांगितली. एकाचे नोकर निघून जातील, दुसऱ्याला बायकोला विचारावं लागेल. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले.

ह्या दोन लेखकांच्या शैली शेजारी ठेवून बघा. कोलटकरांकडे एकावर एक उपमा. आंबेडकरांकडे उपमा जवळजवळ नाहीत, आकडे आहेत. दीड रुपया, अकरा दिवस, डझनभर माणसं, पाच तास, रात्री नऊ. खिडकीतून बघणाऱ्याला वेळ असतो, तो रूपक शोधू शकतो. ज्याला संध्याकाळपर्यंत निघायचंय तो तास मोजतो. मी हे एकाला चांगलं आणि दुसऱ्याला वाईट ठरवायला म्हणत नाही. जागा बदलली की भाषा बदलते, एवढंच.

आणि एक साम्य. कोलटकरांच्या कवितेत भुकेल्यांना जागा देतं ते रस्त्यातलं बेट. आंबेडकरांना शेवटी जागा देते ती बाग. दोन्हीकडे मुसाफिराला ठेवून घेणारी जागा उघड्यावरची आहे.

नऊची ती गाडी ज्या रुळांवरून मुंबईला गेली ते रूळ आपलेच. १८६४ साली बीबीसीआय कंपनीने मुंबई आणि सुरत जोडली तो मार्ग. डहाणू, वाणगाव, बोईसर, पालघर. ज्या पट्ट्यात मी आणि माझे मित्र दारात लटकून वारा खात जातो, त्याच पट्ट्यातून ते मध्यरात्रीनंतर कधीतरी गेले असणार.

दुकान म्हणजे काय

२६ जानेवारी १९५० ला लागू झालेल्या घटनेचं पंधरावं कलम उघडून बघा. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा असं नाव घेऊन म्हटलंय की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ह्यांवरून कुणालाही तिथं अडवायचं नाही. पुढं विहिरी, तलाव, घाट, रस्ते येतात. एवढ्या मोठ्या कायद्यात हॉटेल हा शब्द यावा, ह्याचं शाळेत नागरिकशास्त्र पाठ करताना मला कधी नवल वाटलं नव्हतं. बडोद्याची हकीकत वाचल्यावर वाटलं.

नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह्या कलमावर चर्चा झाली तेव्हा कुणीतरी विचारलं की दुकान म्हणजे नेमकं काय, त्यात केस कापायची आणि कपडे धुवायची दुकानं येतात का? आंबेडकरांनी अर्थ मोठा करून सांगितला. येईल त्याला सेवा द्यायला मालक जिथं तयार असतो ती जागा, असा त्याचा आशय होता. मला ही इनचीसुद्धा सगळ्यांत नेमकी व्याख्या वाटते. कोलटकरांच्या इडलीवालीला ती तंतोतंत लागू पडते.

पण कलमाची हद्द आहे. हॉटेलचं दार त्याने उघडलं. भाड्याच्या खोलीची किल्ली मात्र मालकाच्या खिशात राहिली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सांगितलं की संस्थेने आपलं सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवायचा नियम केला तर ते चालेल. म्हणजे बडोद्याच्या जिन्यावरच्या काठ्या बेकायदा, पण वहीतला नियम अजून पुरता बेकायदा नाही.

मामेभाऊ

आता ती खोली.

माझा एक मित्र वारली आहे, विक्रमगडकडच्या एका पाड्यावरचा. पालघरला कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. त्याला बोईसरच्या एका कंपनीत लॅबमध्ये काम लागलं, मलाही जवळच. रोज पाड्यावरून येणं शक्य नव्हतं. आम्ही खोल्या बघायला लागलो. तो एकटा गेला तेव्हा तीन ठिकाणी एकच क्रम झाला. नाव काय, आडनाव काय, गाव कुठलं, आणि मग, खोली कालच गेली रे. एका ठिकाणी काकूंनी चहा दिला आणि प्रेमाने सांगितलं की तू चांगला दिसतोस, पण तुमच्यात पितात ना.

मग मी गेलो. माझ्या आडनावाला खोली लगेच मिळाली. करार माझ्या नावाचा, आधार कार्ड माझं, पोलीस ठाण्यात द्यायच्या भाडेकरूच्या अर्जावर मी एकटा. सामान आणलं त्या दिवशी घरमालकांनी विचारलं, हा कोण? मी म्हणालो, मामेभाऊ. माझ्या तोंडून ते किती पटकन गेलं ह्याचं मला आजही आश्चर्य वाटतं. तीन महिने तो त्या खोलीत माझा मामेभाऊ होता.

मग एका रविवारी त्याची आई आणि मावशी आल्या. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, डोक्यावर तांदळाचं गाठोडं, पिशवीत रानातली भाजी. घरमालक ओट्यावर पेपर वाचत बसले होते. ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी मला एकट्याला बोलावलं. “बघ बाळा, पुतण्याचं लग्न ठरलंय, खोली लागणार. महिनाअखेर रिकामी कर.” काठ्या नव्हत्या, आवाजही चढला नव्हता. मी ‘बरं काका’ म्हणालो. का, असं विचारलं नाही. डिपॉझिट परत मिळायचं होतं.

मित्राला सगळं समजलं होतं. त्याने फक्त एवढंच विचारलं, “मामेभाऊ म्हणालास, मित्र का नाही म्हणालास?”

आमच्या जिल्ह्यावरचं सगळ्यांत मोठं पुस्तक कुठलं असं विचारलं तर मी गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ सांगेन. १९७० चं, १९७२ साली साहित्य अकादमी मिळालेलं. १९४५ च्या सुमाराला डहाणू-तलासरीकडे वेठबिगारीविरुद्ध वारल्यांनी जे केलं त्याची ती कहाणी. त्यात शहरातून आलेल्या कार्यकर्त्यांना, पोलीस मागावर असताना, ठेवून घेतात ते वारली. कुडाच्या झोपडीत, जे असेल त्यात वाढून. ज्या माणसांना सावकाराच्या अंगणापलीकडे पाऊल टाकता येत नव्हतं त्यांनी आपली घरं मुसाफिरखाना करून टाकली. त्यांच्याच नातवा-पणतवाला बोईसरमध्ये दहा बाय दहाची खोली मिळत नव्हती आणि मी त्याला खोटं नातं चिकटवून ती मिळवून दिली.

पुन्हा ते पुस्तक

ह्यानंतर मी ‘काळा घोडा पोएम्स’ परत हातात घेतलं. आवडतं अजूनही. पण आता मला माहीत आहे की मी ते कुठल्या जागेवरून वाचतो. बोईसरच्या टपरीवर उभं राहून मी स्वतःला बेटावरच्यांत धरत होतो. रेखांश बघून खूश झालो होतो. प्रत्यक्षात माझं आडनाव मला खिडकीशी नेऊन बसवत होतं, आणि मला ते कळलंही नव्हतं. कोलटकरांनी निदान खिडकीशी बसल्यावर बाहेर बघायचं काम इमानाने केलं. मी माझ्या टेबलावरून डिपॉझिट मोजत होतो.

म्हणून जुन्या इन आणि कॅफेंवर हळहळ व्यक्त करणाऱ्यांना, त्यात मीही आलो, एक विनंती आहे. वेसाइड इनचा इतिहास जरूर लिहा. तिथली बिलं, मेन्यू, फोटो जमवा. पण त्याच इतिहासात बडोद्याचा मुसाफिरखाना घाला, पंधरावं कलम घाला, इडलीवाली घाला. आपल्या गावातलं बसायचं ठिकाण कोणतं असं कुणी विचारलं तर आधी हे बघा की तिथं कोण बसत नाही. पालघर २०१४ साली जिल्हा झाला, इमारती उभ्या राहिल्या, नवे कॅफे आले आहेत, वायफाय आहे, चहा महाग आहे. एका चहावर तीन तास बसता येतं. नाक्यावर बिगारीला उभा राहणारा माणूस तिथं कधी आत आलेला मी बघितला नाही. त्याला कुणी अडवत नाही. तो येत नाही, एवढंच.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मी मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. दोन दिवसांनी उत्तर आलं, “अकरा दिवस? मी तीन महिने टिकलो.” खाली हसणारा चेहरा. मी पण हसणारा चेहरा पाठवला आणि मग बराच वेळ दुसरं काही टाइप करून खोडत राहिलो.

तो आता एसटीने आणि मग शेअर रिक्षाने ये-जा करतो, पहाटे चारला उठून. पहिल्या पाळीच्या दिवशी आम्ही स्टेशनबाहेरच्या त्याच टपरीवर भेटतो. तिथं बसायला बाक नाही, सगळे उभेच असतात. गेल्या आठवड्यात टपरीवाल्याने ग्लास पुढं करताना विचारलं, हे कोण तुमचे, भाऊ का? मी म्हणालो, मित्र. मग आडनावासकट त्याचं नाव सांगितलं. टपरीवाल्याने मान डोलावली आणि पुढच्याचा चहा ओतायला घेतला.